शोकेसमधला पाहुणा

छबूबाईंच्या जम्प स्टार्टरने, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी सुरू करायच्या डब्याने, गाडीला करंट द्यायला नकार दिला, कारण तो त्या घरी पाहुणा होता आणि पाहुण्याला कुणी कामाला लावत नाही.

नकारही त्याने खालच्या आवाजात, नीट दिला. दोन्ही चिमटे गाडीच्या बॅटरीला जागच्या जागी लागलेले, वरचे चारही दिवे पेटलेले. म्हणजे पोटात चार्जिंग होतं. मनात नव्हतं.

सून सोनल बूट बांधून दारात उभी होती. पोलीस भरतीची धावणी आज होती. तिचं वय सरत आलेलं, पुढच्या भरतीला तिला कुणी मैदानात उभं करणार नव्हतं. पहिली एसटी गेलेली, शेजारची जीप लग्नाला गेलेली, आणि तिकडे मैदानाचं गेट एकदा लागलं की लागलं.

"अहो, असं काय करता?" छबूबाईंचा मुलगा दिगंबर गयावया करत म्हणाला. "दुकानदाराने तुमची केवढी खात्री दिली होती!"

"खात्री घरच्याची धरावी, पाहुण्याची नाही," जम्प स्टार्टर म्हणाला. "मला तुम्ही कपबशांशेजारी शोकेसमध्ये ठेवलंत. अंगावरचं प्लॅस्टिक काढलं नाहीत. चार्जिंगला लावायचं तरी खाली पाट मांडलात. या घरात मला अजून कुणी 'अरे' म्हटलेलं नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पोरगी रस्त्यात अडकायला नको म्हणून सोनलच्या आईने तो पाठवला होता. आणि छबूबाईंची जीभ तर सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून लग्नातच त्यांनी विहीणबाईंना शब्द दिला होता, तुमच्याकडून आमच्या घरी जे येईल, त्याला वाकडं बोलणार नाही. त्यात जम्प स्टार्टर आला, तशी सोनलही आली. दोघांना आजवर नखभर बोल लागला नव्हता.

"मग घरचं व्हायला काय लागतं?" छबूबाईंनी विचारलं.

"घरच्यांशी तुम्ही कशा बोलता?"

छबूबाईंनी दिगंबरकडे बघितलं. दिगंबरने जमिनीकडे बघितलं.

"मी शब्द दिलाय बाबा."

"हरकत नाही. मग चहा टाका. साखर बेतानेच."

सोनल पुढे आली. "आत्या, बोला की हो त्याला! माझी भरती जाईल."

छबूबाईंनी पदर खोचला. दिगंबर सवयीने दोन पावलं मागे सरला.

"ए ठोकळ्या! दोन वर्षं आयतं गिळलंस, चार दिवे लावून मिरवतोस, आणि लेकराचं नशीब अडवून चहा मागतोस? मुडद्या, देतोस करंट का टाकू उकिरड्यावर?"

"देतो, आई," जम्प स्टार्टर म्हणाला.

दिगंबरने किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. जम्प स्टार्टरला मागच्या सीटखाली चपलांत कोंबलं. नीट बसलास का, असं त्याला कुणी विचारलं नाही.

मैदानाशी पोचले तेव्हा हवालदार गेट ओढत होता. अर्धं आलंच होतं. सोनल उतरली, आणि कुठंही निघताना करायची तशी वळून सासूच्या पाया पडायला वाकली. एरवी छबूबाई म्हणायच्या, सावकाश जा हो बाई.

"पाया कसली पडतीस, भवाने!" छबूबाई ओरडल्या. "डोळे फुटले का? गेट लागतंय! पळ!"

सोनल तशीच वाकलेली थांबली. वर बघून खुदकन हसली. मग अशी सुटली की हवालदाराचा हात गेटवरच थांबला. गेट लागलं तेव्हा ती आत होती.

छबूबाई गेटचे गज धरून बघत राहिल्या. गाडीत परत बसल्यावर सीटखालून आवाज आला, "आई, विहीणबाईंना काय सांगणार?"

"तू गप पड."

तो गप पडला.