अकरा नंबरचं ना-हरकत पत्र

जुन्या चादरी देऊन यायचं, एवढंच ठरलं होतं. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत सध्या अशी कथा फिरते आहे की मी कट करून, थंड डोक्याने एक कुत्री घरात आणली. मी आजवर थंड डोक्याने काहीच केलेलं नाही. कॉलेजसुद्धा तापलेल्या डोक्यानेच सोडलं. तिसऱ्या वर्षी, भर प्रॅक्टिकलमधून उठून, दार आपटून. (बॅग आतच राहिली होती. ती आणायला दुसऱ्या दिवशी त्याच दारातून खाली मान घालून जावं लागलं. बंडाच्या गोष्टींत हा भाग कोणी सांगत नाही.)

तर चादरी. वस्तीच्या टोकाला भटक्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांचं एक शेल्टर आहे. एक निवृत्त नर्स ते चालवते. तिला सगळे सिस्टर म्हणतात. जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी पेपर हवेत, अशी तिची चिठ्ठी वाण्याच्या दुकानात लावलेली होती. मला त्या आठवड्यात काही काम नव्हतं (आधीच्या सत्तर आठवड्यांतही नव्हतं), म्हणून आईने एक गाठोडं बांधून माझ्या हातात दिलं.

सिस्टरने गाठोडं उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, "ठेवून पळ काढणार असशील तर तिकडे ठेव. थांबणार असशील तर झाडू तिकडे आहे."

मी थांबलो. फिनेलचा वास, एका ओळीत वीस पिंजरे, प्रत्येकावर खडूने नंबर. अकरा नंबरमध्ये एक तपकिरी, वयस्कर, अर्ध्या कानाची कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवणाचं भांडं तसंच भरलेलं.

"हिला काय झालंय?"

"दोनदा परत आलीय," सिस्टर म्हणाली आणि तिने टेबलावरचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

ते रजिस्टर शाळांमधून वाचायला लावलं पाहिजे. परत करणाऱ्याने कारण लिहायचं, असा तिथला नियम. लोकांनी ते न लाजता, चांगल्या अक्षरात लिहिलेलं आहे. "फार भुंकतो." त्याच्याच खाली, "अजिबात भुंकत नाही." "फोटोत लहान वाटला होता." "मुलांचा उत्साह संपला." आणि अकरा नंबरपुढे दोन नोंदी: पहिल्या घराची, "सोसायटीने हरकत घेतली." दुसऱ्या घराची, "नवीन सोफा आला."

सोफा आला म्हणून कुत्री गेली. आणि हे लिहिणारी सगळी माणसं पन्नाशीपुढची, जबाबदार, सहीखाली हुद्दा टाकणारी. मी एक कॉलेज सोडलं तर खानदानात सुतक लागल्यासारखं झालं. मामा तर दोन दिवस मुक्कामाला आला होता समजूत घालायला. आणि ही माणसं जिवंत प्राणी मिक्सरसारखा बदलून मागतात, त्यांच्या घरी कोणाचा मामा जात नाही. वाढदिवसाला एक बिस्किटाचा पुडा घेऊन येतात, नाकाला रुमाल लावून फोटो काढतात, आणि सिस्टर बिचारी स्वतःच्या हातांनी वर्षभर वीस पिंजरे धूत बसते.

मी चिडून सगळी फरशी घासली. (फरशी घासायला राग फार उपयोगी पडतो. इतर कशाला तो उपयोगी पडल्याचं मला आठवत नाही.)

तीन दिवसांनी बाबांनी कपाट उघडलं आणि विचारलं, "माझा स्वेटर?"

बाबांचा तपकिरी स्वेटर म्हणजे नुसता स्वेटर नव्हे. बाबा आमच्या सोसायटीचे गेली बारा वर्षं सचिव आहेत आणि प्रत्येक सभेला तो स्वेटर घालतात. कोपरं विरलेली, खिशापाशी शाईचा डाग. आई तो लग्नानंतर लगेच टाकून देणार होती, ते राहून गेलं होतं.

"गेला वाटतं चादरींबरोबर," आई दुधावरची नजर न काढता म्हणाली. "चुकून."

मला परत पाठवण्यात आलं. सिस्टर म्हणाली, "स्वेटर विसर. बघ तिकडे."

अकरा नंबर स्वेटरवर झोपली होती. भिंतीकडे आता तिची पाठ होती आणि भांडं रिकामं होतं.

"तीन दिवसांपासून जेवतेय," सिस्टर म्हणाली. "तो काढून घेतलास तर तूच भरव मग."

अशा वेळी शहाणा माणूस घरी जाऊन नवीन स्वेटर आणा म्हणून सांगतो. मी म्हणालो, "मग दोघांनाही नेतो."

सिस्टरने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दहा दिवस ने. अकराव्या दिवशी सोसायटीचं ना-हरकत पत्र, सचिवाच्या सहीचं, इथे या टेबलावर. नसेल तर कुत्री परत. आणि नीट ऐक. तिसऱ्यांदा परत आली, तर मी तिला पुन्हा कोणाच्या गाडीत बसवणार नाही. मग अकरा नंबर हेच तिचं घर, शेवटपर्यंत. सचिव ओळखीचा आहे?"

"आहे थोडाफार," मी म्हणालो.

ओळख इतकीच की सोसायटीचा नियम क्रमांक चौदा, "इमारतीत कुत्रा पाळता येणार नाही", हा त्यानेच लिहिलेला आहे आणि तो माझा बाप आहे.

घरात शिरल्यावर अकरा माझ्यासमोरून गेली, आईसमोरून गेली, खुर्चीत पेपर वाचणाऱ्या बाबांचे पाय हुंगले आणि त्यांच्या पावलांवर बूड टेकून बसली. पाच किलोमीटर तिला कडेवर आणणारा मी. (ती चालू शकते हे मला गेटपाशी कळलं.)

"हे काय आहे?"

"कुत्री."

"ते दिसतंय. परवानगी कोणाची?"

"सचिवांची घ्यायचीय."

बाबांनी पेपराची घडी घातली. "मग अर्ज कर. सचिव घरी काम करत नाहीत."

मला वाटलं, चेष्टा आहे. मी बाबांना पंचवीस वर्षं ओळखतो, तरी मला असं वाटलं, यातच माझी बुद्धी दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून, भांग पाडून टेबलापाशी बसले आणि त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर एक नोटीस लिहिली. प्रति, सदनिका क्रमांक ४०२ चे सभासद. म्हणजे स्वतः. आपल्या सदनिकेत कुत्रा असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी तीन दिवसांत खुलासा करावा. खाली सही, शिक्का. मग ती पाकिटात घालून चार जिने उतरून आमच्याच पत्रपेटीत टाकली आणि वर आले. संध्याकाळी पुन्हा खाली गेले, पेटी उघडली, पाकीट फोडलं आणि चेहरा गंभीर करून वर आले.

"नोटीस आलीय," ते आईला म्हणाले.

"कोणाची?"

"सचिवांची. कडक लिहिलीय."

मग त्यांनी सभासद म्हणून उत्तर लिहिलं: सदर कुत्रा नसून कुत्री आहे, नियमात कुत्रीचा स्पष्ट उल्लेख नाही, तरी विचार व्हावा. सचिवांनी उलट कळवलं की 'कुत्रा' या शब्दात कुत्री अंतर्भूत आहे. सभासदांनी आधार मागितला. सचिवांनी आधार शोधण्यासाठी मुदत घेतली. सहा दिवस हे चाललं. माणूस दिवसातून चार वेळा चार मजले चढत-उतरत होता, आणि अकरा प्रत्येक वेळी त्यांच्या मागोमाग खाली जाऊन वर येत होती.

मी संतापाने बेभान झालो. मी आईला म्हणालो, "एका सहीचं काम आहे. तिचे तीन दिवस उरलेत आणि हा माणूस स्वतःला पत्रं लिहितोय."

"इतकी वर्षं माझ्याशी भांडले," आई म्हणाली. "आता स्वतःशी भांडतायत, तेही लेखी. मला जरा आराम आहे, तू मध्ये पडू नकोस."

मी मध्ये पडलो.

त्याच दुपारी मी एक पत्रक लिहिलं. नियम फक्त कुत्र्यालाच का, असा सवाल. पुढे नियम मोडणाऱ्यांची यादी. अध्यक्षांची स्कूटर आग लागल्यास पळायच्या वाटेत. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या चपला जिन्यात, अकरा जोड. आणि पाचव्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई, ज्यांच्या हट्टापायी नियम चौदा झाला, त्यांच्या गच्चीतल्या बत्तीस कुंड्या, ज्यांचं पाणी चौथ्या मजल्यावरच्या निरपराध लोकांच्या डोक्यावर पडतं. शेवटी: "या इमारतीत सगळ्यात शिस्तशीर रहिवासी ती कुत्री आहे." खाली सही: एक जागरूक नागरिक. ते नोटीसबोर्डवर लावलं आणि ताठ मानेने वर आलो.

(पत्रक मी बाबांच्या कागदांवर छापलं होतं. त्यामुळे जागरूक नागरिकाच्या प्रत्येक पानामागे "सदनिका ४०२, खुलासा, कच्चा मसुदा" असं बाबांच्या अक्षरात होतं.)

तासाभरात जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. बाबा खाली जाऊन पत्रक वाचून आले. खुर्चीत बसले. अकरा त्यांच्या पायांवर बसली.

"मास्तरीणबाई उद्या सकाळच्या गाडीने मुलीकडे जाणार होत्या," बाबा म्हणाले. "तीन महिन्यांसाठी."

"मग?"

"पत्रव्यवहार चालू असताना कारवाई करता येत नाही. मी उद्यापर्यंत तो चालवत होतो. परवा सभा घेतली असती. विरोधाला कोणीच नव्हतं."

मी पत्रकाची उरलेली प्रत पाठीमागे लपवली.

"आता त्यांनी तिकीट रद्द केलंय," बाबा म्हणाले. "तू क्रांती केलीस."

मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मामाने येऊन माझी समजूत घालावी असं वाटलं.

नवव्या दिवशी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सभा भरली. बाबांच्या अंगात स्वेटर होता. अकराने तो एका संध्याकाळपुरता सोडला होता, तोही आत बाबा होते म्हणून. मी भाषण तयार करून नेलं होतं. पहिलं वाक्यच असं होतं की समोरच्या खुर्च्यांत ढोंग बसलेलं आहे. बाबांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बस खाली."

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. "सचिव, नियम तुम्हीच लिहिलात. मग आज तुमच्याच घरात कुत्रं का?"

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "नियम मोडला आहे. मी स्वतःला नोटीस दिलेली आहे. जावक क्रमांक सांगू?"

"नको."

"मात्र परवा बोर्डवर एक लेखी तक्रार आली. लेखी आली की मला नोंद करावी लागते. त्यात नऊ बाबी आहेत." त्यांनी चष्मा लावला आणि माझं पत्रक, ढोंग वगैरे शब्द वगळून, सरकारी आवाजात वाचलं. "स्कूटर. चपला. कुंड्या, बत्तीस. मी मोजल्या, तेहतीस आहेत. आता नियमाप्रमाणे एक तर कुत्रीसकट या सगळ्यांना काढून टाकण्याची नोटीस द्यावी लागेल, किंवा कुत्रीसकट सगळ्यांना सवलत. एकाला वेगळं, दुसऱ्याला वेगळं, असं मला करता येणार नाही. मतदान घेऊ?"

अध्यक्षांनी खुर्चीतून वर बघितलं, छताकडे. दंतवैद्यांनी घसा खाकरला. त्यांनी हात वर केला, मग अध्यक्षांनी केला. मास्तरीणबाई तेवढ्या हातांची घडी घालून उभ्या होत्या. कुंड्यांत त्यांचे गुलाब होते, नवऱ्याने लावलेले. हे मला नंतर आईने सांगितलं, आणि सांगताना ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही.

"माझी एक अट आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जिन्यात आणि आवारात कुत्रीबरोबर कायम कोणीतरी जबाबदार असलं पाहिजे. तुम्ही कायम सोसायटीच्या कामात असता, सचिव. मग कोण? हा?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला मी चौथीत शिकवलंय. वहीसुद्धा अर्धी सोडायचा."

सगळी सभा माझ्याकडे वळली. मी बाबांकडे पाहिलं. बारा वर्षं सचिव असलेला माणूस, शब्द तोलून वापरणारा. तो आता आपल्या मुलाच्या बाजूने बोलेल, असं मला क्षणभर वाटलं.

"मुद्दा रास्त आहे," बाबा म्हणाले. "कुत्री नऊ दिवस माझ्याबरोबर आहे. वेळेवर उठते. हाक मारली की येते. हातात घेतलेलं काम सोडत नाही, स्वेटरसुद्धा सोडत नाही. जबाबदार ती आहे. मुलगा तिच्याबरोबर राहील."

मास्तरीणबाईंनी विचार केला. "असं असेल तर हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही हात वर गेला. एकमताने. आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरसुद्धा एकमत झालेलं नाही.

अकराव्या दिवशी सिस्टरने पत्र दोनदा वाचलं. पाचव्या कलमापाशी ("जबाबदार: कुत्री. मुलगा तिच्याबरोबर राहील.") थांबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्राकडे पाहिलं. मग रजिस्टर उघडून अकरा नंबरपुढे "घर मिळालं" असं लिहिलं आणि त्यावर शिक्का मारला. एवढं करून तिने माझ्या हातात झाडू दिला. "दर मंगळवारी आणि शुक्रवारी ये," म्हणाली. "कुत्रीला घेऊन ये. ती असली की तू नीट काम करशील."

परवा सकाळी मी एकटाच दूध आणायला खाली उतरलो. गेटवर वॉचमनने काठी आडवी धरली. त्याच्या केबिनच्या काचेवर सभेचा ठराव चिकटवलेला होता, पाचव्या कलमाखाली लाल रेघ.

"कुत्री कुठंय?"

"वर आहे. झोपलीय. मी दोन मिनिटांत येतो."

"सचिव साहेबांनी सांगितलंय, तुम्हाला एकटं सोडायचं नाही."

मी वाद घातला. घटना, स्वातंत्र्य, माझं वय, सगळं काढलं. तो ऐकून घेत राहिला आणि काठी तशीच राहिली. शेवटी मी चार मजले चढून वर गेलो. अकरा स्वेटरवर पडली होती. मी दोनदा हाक मारली. तिने एक डोळा उघडला, माझा अर्ज वाचल्यासारखं केलं, आणि विचारासाठी मुदत घेऊन पुन्हा झोपली.