कांबळे मॅडमचा खोकला

कांबळे मॅडम कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दाराबाहेर उभ्या राहून खोकतात. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. त्यांना खोकला झालेला नाही. आत कोणी उंदरांविषयी बोलत असेल तर त्याने गप्प व्हावं, म्हणून हा इशारा. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या प्रधान सरांनी एकदा त्यांना कफ सिरपची बाटली आणून दिली. मॅडमनी आभार मानून ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकूनच आत आल्या.

आमची लॅब घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला आहे. मेंदूतल्या गाठीवरचं एक औषध आम्ही उंदरांवर तपासतो. मॅडम मूळच्या कल्याणच्या, त्यामुळे नव्या माणसाला हे औषध त्या स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांवरून समजावतात. अँटीबॉडी म्हणजे रिक्षा. तिचा स्टँड म्हणजे गाठ, दुसरीकडे ती थांबत नाही. तिच्यात बसवलेला किरणोत्सर्गी पदार्थ म्हणजे भांडखोर प्रवासी. तो गाठीपाशी उतरतो आणि तिथेच भांडतो, बाकीच्या मेंदूला फार त्रास नाही. "आणि खडकपाड्याला जायचंय अन् बसलात उल्हासनगरच्या रिक्षात, तर?" असं विचारून त्या समोरच्याकडे रोखून बघतात.

ती दुसरी रिक्षाही आम्हाला लागते. निम्म्या उंदरांना खरी अँटीबॉडी देतात. उरलेल्यांना दिसायला तशीच, तितकीच किरणोत्सर्गी, पण गाठ न ओळखणारी. त्याशिवाय औषधाचा गुण खरा की नाही ते कळत नाही. कुणाला कुठली मिळाली, हे मला माहीत असतं. उंदरांना रोज तपासणाऱ्या मॅडमना ते कळता कामा नये, नाहीतर डोळे आपोआप हवं तेच बघतात, असं त्या म्हणतात. आमच्या लॅबमध्ये हुशार माणसं पुष्कळ आहेत. स्वतःच्या डोळ्यांवर इतका अविश्वास ठेवणारं माणूस मी एकच पाहिलंय.

हे गुपित त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण त्यांच्याच शब्दांत, "ही इंग्लिश मीडियमची पोरगी दिवसाला चार वाक्यं बोलते, तीही हवामानावर." मी मनातून खूश झाले. पण वजनं लिहून घ्यायला मी खोलीत लागतेच, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला पिंजऱ्यांकडे पाठ करून खिडकीशी उभं केलं.

"अगं, तोंड बंद आहे तुझं," त्या म्हणाल्या, "पण चेहरा बडबड करतो."

मला असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तपासणी चालू असताना मी खाली अडकलेल्या गाड्या बघते आणि मागून ऐकू येत राहतं. "अहो, इकडे या. पाय दाखवा. जेवला नाहीत का?" उंदरांना त्या अहो-जाहो करतात. मला अरे आणि त्यांना अहो का, असं प्रधान सरांनी एकदा विचारलं. "ते सुट्टी मागत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

या खेपेला सात नंबरचा उंदीर एका बाजूला कलायला लागला. चालायला गेला की गोल फिरायचा. मॅडमनी या औषधाला कितीतरी वर्षं दिलीत. सात नंबरला खरं औषध मिळालं असेल तर सगळंच अवघड होतं. मी खिडकीशी होते. त्या माझ्या मागे येऊन थांबल्या. मी नुसती वळले असते तरी त्यांना कळलं असतं.

"अगं," त्या म्हणाल्या. हातातले मोजे ओढून काढले. मग म्हणाल्या, "डबा खाल्लास का?"

मी खाल्ला म्हटलं. खाल्ला नव्हता.

पुढे सात नंबरने खाणं सोडलं. हाल एका मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचे नाहीत, उंदराला इंजेक्शन देऊन झोपवायचं, असा नियम आहे. हे काम एरवी दुसरं कोणी करतं. त्या दिवशी मॅडमनी ते स्वतः केलं आणि मग उरलेले पिंजरे तपासले.

शेवटी सगळ्यांसमोर मी गट वाचून दाखवले. खरं औषध मिळालेल्या बहुतेकांच्या गाठी आकसल्या होत्या, दुसऱ्या गटाच्या वाढल्या होत्या. मॅडमनी मला ते पुन्हा वाचायला लावलं, मग स्वतः पडताळून पाहिलं. प्रधान सरांनी वडे मागवले. मॅडमना इतका वेळ हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

वडे संपत आले तेव्हा त्या माझ्याजवळ खिडकीशी आल्या. यादी त्यांनी स्वतः पडताळली होती, तरीही विचारलं.

"सात नंबर?"

मी म्हटलं, त्याला दुसरी, गाठ न ओळखणारी मिळाली होती. तो गेला ते औषधाच्या बाजूनेच धरलं जाईल, त्यामुळे काळजी नाही. माझ्या मानाने हे फारच लांब बोलणं होतं.

"हो, चांगलंच झालं," मॅडम म्हणाल्या. खाली गाड्या तशाच उभ्या होत्या. त्या बघत राहिल्या.

"रोज म्हणायचे मी त्यांना," त्या म्हणाल्या, "थोडी कळ काढा, बरं वाटेल."