चीझस्टेकाच्या खिडकीवरील कलहाची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास. कोणी हकीकत पुसिली नाही, तथापि आमचे पोटात राहीना, म्हणोन लिहितो. एके राज्यी दक्षिण पेठेत भिकाजी तवेवाले यांची खिडकी असे. तेथे चीझस्टेक नामे सँडविच होई. मांसाचे पातळ काप थोरल्या तव्यावर परतावे, आणि वरी चीज वितळवावे, आणि हातभर लांब पाव चिरोन त्यात भरावे, आणि कागदात गुंडाळोन वाफाळते हाती द्यावे. खिडकीचा दंडक कडक. चीज पिवळे की पांढरे, कांदा हवा की नको, इतुकेच बोलावे. जो घुटमळला तो रांगेच्या शेवटी. आम्ही आणि आमचे वडील बंधू त्र्यंबकराव तरुणपणी त्या मुलुखी चाकरीस आलो, तेव्हापासून दर शनिवारी आमची स्वारी तेथे जाई, आणि आम्ही पुढे होवोन दोघांचे मिळोन गर्जत असू की दोन पिवळे, कांदा घालून, आणि मग दोघे बंधू पायरीवर बसोन, कोपरापर्यंत ओघळ येईतो खात असू. पिवळे चीज तेच खरे. पांढरे खाणारांस जिभा असतात की नाही, याचा आम्हांस आजतागायत संशय आहे.

पुढे त्र्यंबकरावांस अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, परंतु जीभ जड जाहली, आणि अन्नावरील वासनाच उडाली. पेजेचे दोन घोट घ्यावे आणि वाटी सारावी. वहिनीसाहेब रडकुंडीस आल्या, आणि डाक्तरांनी बजाविले की खाणे नसेल तर हे उठणार नाहीत. तेव्हा आम्ही मनसुबा केला की दादांस खिडकीस न्यावे, जुनी चव लागली म्हणजे भूक परतेल. मग चाकांच्या खुर्चीत बसवोन स्वारी निघाली. पाहतो तो दादांच्या दुखण्याचे काळात भिकाजी कैलासवासी होवोन त्यांची कन्या चिमाबाई तव्यावर अधिष्ठित जाहलेली. आम्ही शिरस्त्याप्रमाणे गर्जलो, तो बाई म्हणाल्या की तुमचे एक घेतले, त्यांचे ते सांगतील, आता ज्याचे त्याने सांगावे हा इथला कायदा. आमची तळपायाची आग मस्तकास गेली! ज्याची जीभ वळत नाही त्यास बोलावयास लाविता? तुमचे वडिलांचे काळी माणुसकी होती, ऐसे आम्ही पुष्कळ सुनाविले, आणि मागील फौज कुरकुरू लागली, आणि आम्ही फौजेवरही उखडलो. तेव्हा चिमाबाईंनी उलथने खाली ठेविले आणि खिडकीबाहेर वाकोन दादांस म्हणाल्या, “काका, सावकाश सांगा. तुम्हाला कोणी मागे पाठवणार नाही.”

दादांनी ओठ हलविले. मग मोठ्या कष्टाने एकेक शब्द आला, “पांढरं. कांदा... नको.”

आम्ही बाईंस म्हणालो की दुखण्याने यांस भ्रम जाहला आहे, पिवळेच करा. तो दादांनी आमचा हात धरिला आणि मान हलविली, आणि म्हणाले की पहिल्यापासून हेच हवे होते. आम्ही थक्क. पायरीवरचे इतके शनिवार, इतके ओघळ, आणि हा मनुष्य बिनबोभाट कांदा गिळत होता! “मग बोलला का नाहीस, दादा?” ऐसे आम्ही भर रांगेत ओरडलो.

“तू... खुशीत असायचास,” दादा म्हणाले.

आणि मग पांढरे, बिनकांद्याचे आले, आणि दादांनी ते शेवटच्या घासापर्यंत खाल्ले, आणि कागदास लागलेले चीजही बोटाने निपटोन घेतले.

एवंच, कायदा चिमाबाईंचा राहिला आणि मानभंग आमचा जाहला. आता दर शनिवारी खुर्ची आम्हीच ढकलितो, आणि खिडकीशी दादांचे बोलणे पुरे होईतो तोंड मिटोन उभे राहतो, हा निव्वळ जुलूम आहे. पांढरे चीज म्हणजे चोथा, हे आमचे मत कायम. पण दादा जेवतात.