पुढचा दांडा

घड्याळजींच्या बायकोनं लग्नाच्या हॉलवर पोचवलेला केक पुन्हा तिरपा निघाला. घरून निघताना तिन्ही थर ताठ होते. मोठ्या चौकातलं गोल वळण घेताना जुनी गाडी होडीसारखी कलली आणि वरच्या थरानं खालच्याच्या खांद्यावर मान टाकली. हॉलचा मॅनेजर फोनवर शांतपणे म्हणाला, "शनिवारचा सरळ आला नाही, तर पुढचे आम्ही दुसरीकडून घेऊ."

बायकोला घोर लागला, घड्याळजींना कुतूहल. गाडी कलते हे सगळ्यांना दिसत होतं, पण का कलते? शेवटी गाडीच्या पार्टच्या दुकानदारानं उलगडा केला. या जुन्या गाडीला पुढे स्वे बार नव्हताच. स्वे बार म्हणजे दोन्ही टोकांना वाकवलेला एक जाड लोखंडी दांडा. तो पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो आणि एक बाजू दबली की पीळ खाऊन गाडीला सावरतो. घड्याळजी तो दांडा लहान मुलासारखा उचलून घरी घेऊन आले.

"बसवणार कोण?" बायकोनं विचारलं.

"मी."

"तुमचा सगळ्यात मोठा पाना काडेपेटीत मावतो."

"म्हणून तर नवीन आणलाय."

शनिवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. सासूबाई खुर्ची घेऊन शेजारी बसल्या. त्या अंगानं काडी, पण चौकसपणात जावयाच्या वरताण.

"जावईबापू, हा दांडा गाडीला कलू देत नाही, मग वळू कसा देतो?"

"वळणं वेगळं, कलणं वेगळं, आई."

"माणसांतही तसंच असतं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

घड्याळजींनी जॅक लावून डावी बाजू उचलली आणि डावं टोक झटक्यात बसवलं. उजव्या बाजूला गेले, तर दांड्याचं टोक भोकापासून चार बोटं लांब. त्यांनी ढकललं, ओढलं, गोंजारलंही. टोक हलेना. दुकानदाराला फोन केला.

"एकच बाजू उचललीत ना?" तो म्हणाला. "मग दांडा पिळलेलाच राहणार. दोन्ही चाकं सारखी टेकवा, आपोआप जुळेल."

गाडी खाली घेतली. टोक भोकासमोर असं येऊन थांबलं, जणू बोलावणं यायचीच वाट बघत होतं. पण आता गाडी आणि जमीन यांच्यामध्ये जेवढी जागा उरली, तेवढ्यात घड्याळजींचं पोट मावेना. त्यांनी श्वास रोखून पाहिला, कुशीवर होऊन पाहिलं. पोट दर वेळी बाहेरच राहिलं.

"सरका," सासूबाई म्हणाल्या. "मला तसंही बघायचंच होतं."

"आई, अहो…"

तोवर त्या सतरंजीवर आडव्या होऊन कमरेपर्यंत आत गेल्याही. बाहेर फक्त सपातांतले दोन पाय. घड्याळजी एका हातात चहाचा कप धरून, उकिडवे बसून पाने पुढे करू लागले.

नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त टपालमास्तर गॅलरीत आले. त्यांना गाडीखाली म्हातारीचे पाय दिसले आणि जावई शेजारी बसून चहा पिताना दिसला.

"आई, अजून किती वेळ?" जावयानं विचारलं.

"संपत आलं माझं," गाडीखालून आवाज आला.

"घाई करू नका. सावकाश."

टपालमास्तरांना पुढचं ऐकवलं नाही. आत जाऊन त्यांनी रुग्णवाहिका बोलावली.

ती आली तेव्हा सासूबाई शेवटचा नट आवळत होत्या. ड्रायव्हर आणि सोबतच्या नर्सबाई, दोघांनी स्ट्रेचर उतरवलं आणि नर्सबाई गुडघ्यांवर वाकल्या. "आजी, पाय हलवता येतात का?"

"येतात, पण आधी तो सतरा नंबरचा पाना द्या."

सगळा खुलासा झाला. टपालमास्तर ओशाळले. नर्सबाई मात्र नियमाच्या पक्क्या होत्या. आलोच आहोत तर तपासणी झालीच पाहिजे. सासूबाईंचं ब्लडप्रेशर तरण्याताठ्या पोरीसारखं निघालं. बाजूला उभे असलेले घड्याळजी कुतूहलानं म्हणाले, "यंत्र छान आहे. माझंही बघा."

नर्सबाईंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांनी घड्याळजींना स्ट्रेचरवर झोपायला सांगितलं.

"अहो, पण मला गाडी चालवून बघायची आहे."

"आज तुम्ही काहीच चालवायचं नाही."

बायको पिठाच्या हातांनी धावत आली. क्षणभर तिला केक की नवरा हेच सुचेना. सासूबाईंनी निकाल दिला, "त्यांना सांभाळायला नर्स आहे. केकला कोण आहे? पोचवू, तशाच दवाखान्यात जाऊ."

रुग्णवाहिका निघाली. मोठ्या चौकात ती वळली तेव्हा घड्याळजी पट्ट्यासकट एका बाजूला घसरले. त्यांनी मान उचलून ड्रायव्हरला विचारलं, "पुढे दांडा आहे का हो हिला?"

"बडबडतायत," ड्रायव्हर हळूच नर्सबाईंना म्हणाला. त्यांनी लगेच पुन्हा ब्लडप्रेशर घेतलं.

दवाखान्यात गोळी देऊन त्यांना पडून राहायला सांगितलं. संध्याकाळी बायकोचा फोन आला. आवाज फुललेला होता. "केक सूतभरसुद्धा हलला नाही. मॅनेजरनं पुढच्या चार लग्नांचे केक आपल्यालाच सांगितले. आता निघतोच तुमच्याकडे."

"ते असू दे," घड्याळजी उठून बसले. "चौकातल्या वळणावर गाडी कशी वाटली?"

बायकोचा फुललेला आवाज जरा उतरला.

"चौकातून नाही गेलो आम्ही. आई म्हणाली, नवीन काम, आजच कशाला जोखीम? शाळेमागून सरळ रस्ता आहे म्हणे. एकही वळण लागलं नाही."

घड्याळजींनी फोन ठेवला. थोड्या वेळानं डॉक्टर आले, आकडा पाहून समाधानानं म्हणाले, "उतरलंय. काही विचारायचंय?"

"फक्त पाच मिनिटं बाहेर सोडा," घड्याळजी म्हणाले. "मला एक वळण घ्यायचंय."