फ्रीगंजचे रोमी पायदळ पंगतीस बसले त्याची हकिकत

॥ श्रीमहाकाळ प्रसन्न ॥

श्रीक्षिप्रातीरी अवंतिका नगरी, तेथे फ्रीगंज नामे पेठ, आणि त्या पेठेत टावर चौकापासून दोन गल्ल्या आत पिवळे दुमजली घर. त्या घरचे धनी राजमान्य राजश्री वसंतराव दफ्तरदार, बँकेच्या चाकरीतून निवृत्त, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती प्रतिभाबाईसाहेब, यांनी शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावणमासी, रोमी पायदळ घेऊन गॉल नामे रानटी गनिमाशी संगणकाच्या खेळात जी झुंज दिली आणि उज्जैनचे ठाणे राखिले, तिची हकिकत साद्यंत लिहून ठेवावी, ऐसे वरच्या मजल्यावरील भाडेकरू यज्ञेश्वर यांचे मनी आले. लेखक निकालाच्या लढाईस खासा हजर होता, सबब लिहिले ते खरे. जे पाहिले नाही तेही लिहिले आहे, तेही खरेच मानावे.

युद्धास कारण काय जाहले, तर आषाढात वसंतराव जिन्याच्या चौथ्या पायरीवरून घसरले, आणि गुडघा सुजला, आणि ही बातमी घराबाहेर न जावी म्हणून त्यांनी कडेकोट बंदोबस्त केला. परंतु दूध आणावयास लंगडत गेले ते टावर चौकातल्या बाकावरचे त्यांचे रोजचे सोबती बापू यांनी पाहिले, आणि बापूंनी पाहिलेली गोष्ट टावर चौकात पसरावयास एक कप चहाचा अवकाश लागतो. मग ती बातमी चिरंजीव रोहनराव यांचे कानी गेली. रोहनराव एकुलते, भागानगरी, म्हणजे हल्ली ज्यास हैद्राबाद म्हणतात तेथे, मोठ्या कंपनीत मनसबदार. माणूस भ्याला की हुकूम सोडतो, तैसा त्यांनी सोडिला की उज्जैन खाली करावे, उभयतांनी सामानसुमानासह भागानगरी कूच करावे, चौदाव्या मजल्यावर खोली राखिली आहे.

“बाबा, जिद्द नका करू ना. इथे लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच बसतो, सब कुछ है. तिथे तुम्हाला काही झालं तर कोण बघणार?”

“इथे अख्खं उज्जैन बघतं मला,” ऐसे वसंतरावांनी दरडावून फोन ठेविला, आणि मग गुडघ्यास शेक घेत बसले.

या पितापुत्रांत बोलणे फार होत नसे. निवृत्तीनंतर वडिलांचा वेळ जावा म्हणून रोहनरावांनीच दोन वर्षांमागे संगणकावर तो लढायांचा खेळ बसवून दिला होता, आणि दर रविवारी एक भागानगरी व एक उज्जैनी बसून परस्परांची फौज कापीत, आणि हेच त्यांचे खुशालीचे वर्तमान. तेव्हा हा तंटाही रणांगणीच तोडावा ऐसे ठरले. तहनामा जाहला तो येणेप्रमाणे: पाच रविवारी पाच लढाया व्हाव्या. वसंतरावांनी एक जरी जिंकिली तरी उज्जैन त्यांचे, आणि रोहनरावांनी पुन्हा हा विषय काढू नये. पाचही हरल्यास दिवाळीपूर्वी ठाणे खाली करावे. तहनाम्यात प्रतिभाबाईसाहेबांचे नाव कोठे आले नाही. त्यांना कोणी पुसले नाही, आणि पुसावे ऐसे कोणाचे ध्यानीही आले नाही. ही गोष्ट वाचणाराने लक्षात ठेवावी, पुढे कामास येते.

आता फौजेचे वर्णन. वसंतरावांकडे प्राचीन रोमी पायदळ, ते चार जातींचे. पहिले वेलिती, डोक्यास लांडग्याचे कातडे बांधलेले, हलके भाले फेकून पळ काढणारे. दुसरे हस्ताती, मिसरूड फुटलेली तरणी पोरे. तिसरे प्रिंकिपेस, भरात आलेले संसारी गडी. आणि चौथे त्रियारी, पोक्त, दाढ्या पिकलेले, हाती लांब भाले. यांच्यासमोर रोहनरावांचे गॉल, केस मोकळे, तलवारी हातभर, पहिला हल्ला ऐसा करीत की जमीन हादरावी, मात्र दम थोडका.

वसंतरावांची पहिली चूक ही घराण्यातून आली. त्यांचे खापरपणजे शिंदेशाही दरबारी बैठकीच्या मानाची यादी राखीत, म्हणजे कोणी पुढे बसावे, कोणी मागे, कोणास विडा आधी, ही सारी विद्या त्यांचे घरची. तेव्हा पोक्त त्रियारी उभे असता मिसरूड फुटलेल्या पोरांनी पुढे उभे राहावे, हे वसंतरावांस बघवेना. त्यांनी त्रियारींस मानाने अग्रभागी स्थान दिले, त्यांच्यामागे प्रिंकिपेस, आणि पोरांस सर्वांच्या पाठीशी, जोडे ठेवावे तैसे ठेविले. आणि रांगा ऐशा दाट लाविल्या की मधून मांजर जाऊ नये.

मग पहिल्या रविवारी गॉल धावून आले आणि म्हातारे पडले. दुसऱ्या रविवारी म्हातारे पडले आणि मागच्यांस पुढे येण्यास वाट नाही म्हणून सर्वांची दाटी होऊन तेही पडले. तिसऱ्या रविवारी वसंतरावांनी त्रियारींपुढे आणखी मानाचे म्हणून खासा सेनापतीस उभे केले, आणि तोच प्रथम पडला. चौथ्या रविवारी काय जाहले ते लिहिण्याजोगे नाही. त्या सायंकाळी वसंतराव टावर चौकास गेले नाहीत. बापू जागा धरून बसले होते. प्रतिभाबाईसाहेबांनी माळ्यावरून मोठी ट्रंक उतरविली नाही, परंतु दोनदा तिच्याकडे पाहिले. घर उदास जाहले, आणि लेखकासही, खोटे कशास बोलावे, वाईट वाटले. नवा मालक कोण येतो, कोणास ठाऊक.

पाचवी लढाई श्रावण वद्य नवमी, भानुवासर, सकाळचे दहा. पोहे जाहले होते. लेखक साक्षीदार म्हणून हजर, त्यास चहा अर्धा कप मिळाला, याची नोंद येथे करणे प्राप्त आहे. वसंतराव खुर्चीवर, फोन मेजावर मोठ्या आवाजात ठेविलेला, त्यातून रोहनरावांचा श्वास ऐकू येत होता. प्रतिभाबाईसाहेब भैरवगढी छापाच्या चादरीवर बसून मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जेवणाची आखणी करीत होत्या. तीनशे पान उठविण्याचे काम बावीस वर्षे त्यांच्याच हुकमतीखाली चालते. त्यांनी सहज मान वर करून पडद्याकडे पाहिले, आणि चष्मा सारखा केला.

“अहो, ही कसली पंगत मांडली तुम्ही?”

“पंगत नाही, ती फौज आहे.”

“तेच ते. पोरं उपाशी मागे बसवली, अन् म्हाताऱ्यांना आधी पान वाढलं? आपल्याकडे पहिली पंगत कोणाची असते? पोरांची. मग गडीमाणसं. वाढणारे सगळ्यांत शेवटी. आणि वाट कुठे आहे मधे? वाढप्याने जायचं कुठून, डोक्यावरून?”

वसंतरावांनी पडद्यावरील रांगा बोटाने मोजून पाहिल्या. चार रविवार, खापरपणज्यांची विद्या आणि त्यांचे स्वतःचे डोके मिळून जे उमगले नाही, ते एकाएकी उमगले. त्यांनी मुकाट्याने पोरांस पुढे आणिले, मध्ये प्रिंकिपेस, पाठीस त्रियारी, आणि तुकड्या-तुकड्यांत ऐशी वाट सोडिली की वरणाचे पातेले घेऊन दोघांनी समोरासमोर जावे.

तोच फोनातून गर्जना आली. “आई बोलतेय का मागून? हे चीटिंग आहे हां, बाबा!”

वसंतरावांनी तहनामा काढून पाहिला. त्यात बाईसाहेबांचे नाव कोठेच नव्हते, सबब त्यांस बंदीही नव्हती. रोहनरावांचा उजर फेटाळण्यात आला.

मग युद्धास तोंड लागले. गॉल आरोळ्या ठोकीत टेकडी उतरले, आणि बाईसाहेबांनी चटणी-मीठ-लिंबू आधी वाढण्याचा हुकूम केला, म्हणजे वेलिती पुढे धावले, आणि भाले फेकून वाटांमधून माघारी आले, आणि गनिमाची पहिली फळी विस्कटली. मग हस्ताती पोरे पानावर बसली, आणि जी लढली, जी लढली, की लेखक अर्धा कप विसरला. थोड्या वेळाने त्यांच्या निशाणावर दम सरल्याची पिवळी खूण उमटली. वसंतरावांस मोह पडला की आणखी थोडे लढू द्यावे.

“उठवा त्यांना!” बाईसाहेब कडाडल्या. “जेवण झालं की उठवायचं, पानावर रेंगाळू द्यायचं नाही. पण दुसरी पंगत तयार असल्याशिवाय नाही हां. आहे ना तयार? मग आता!”

पोरे वाटांमधून मागे आली, आणि त्याच वाटांनी प्रिंकिपेस पुढे गेले, आणि गॉलांस, जे एव्हाना धापा टाकीत होते, समोर ताजे गडी दिसले. गनीम कचरला. रोहनरावांनी तेव्हा मोठा डाव टाकिला, राखून ठेविलेले घोडेस्वार टेकडीमागून फिरवून थेट पाठीवर घातले. वसंतरावांस टावर चौकातला बाक दिसला आणि माळ्यावरची ट्रंक दिसली.

मागे त्रियारी एक गुडघा टेकून बसले होते. आतापावेतो त्यांनी काही खाल्ले नव्हते.

“आता वाढणारे बसतील,” बाईसाहेब हलकेच म्हणाल्या.

म्हातारे उठले. भाले पुढे केले. घोडे त्यांवर आदळले आणि थांबले, आणि मग माघारी फिरले, आणि स्वार फिरले हे पाहून सारे गॉल फिरले. पडद्यावर सोनेरी अक्षरांत फत्ते उमटली. वसंतराव खुर्चीवरून उठले ते गुडघ्यास हात न लाविता उठले.

मग फोनावरून रोहनरावांनी विचारले, “आई, तुला इथे यायचंच नव्हतं का?”

“मला विचारलं कोणी?” बाईसाहेब म्हणाल्या. दोन्हीकडचे पुरुष आपापल्या नखांकडे पाहू लागले.

मग बाईसाहेबांनी जिंकलेल्या अधिकाराने उभय पक्षांस हुकूम फर्माविले ते ऐसे की, भागानगरी जाणे नाही. जिन्यास दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा, आणि “मी काय म्हातारा झालो का” हे वाक्य वसंतरावांनी पुन्हा उच्चारू नये. पडल्यास पडलो म्हणून त्याच दिवशी मुलास कळवावे. रोहनरावांनी गणपतीस घरी यावे, रजा नाही ही सबब चालणार नाही. आणि त्या दिवशी पहिली पंगत बायकांची, वाढणे पुरुषांनी. पितापुत्रांनी हे सर्व एकमताने कबूल केले, आणि एकमत होण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस रोहनराव आले. नव्या कठड्यास हात लावून पाहिला, हलवून पाहिला, आणि मगच वर आले. नैवेद्य जाहला. बाईसाहेब पाटावर बसल्या, शेजारी लेखकाचे कुटुंब जयूबाई. रोहनरावांनी मीठ-लिंबू उलट्या बाजूस वाढिले, ते दुरुस्त करविण्यात आले. वसंतराव तूप घेऊन आले आणि हात आखडता न घेता वाढते जाहले.

येणेप्रमाणे उज्जैनचे ठाणे राखिले गेले, रोमी पायदळाची फत्ते जाहली, गॉल पराभव पावले, आणि सौभाग्यवती प्रतिभाबाईसाहेबांनी लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षांनी या घरात पहिल्या वाफेचा मोदक गरम खाल्ला. लेखकाने समक्ष पाहिले. बोटे भाजली, तरी त्यांनी तो खाली ठेविला नाही.