दहाव्याचं निदान

आमच्या तिसगावात दहाव्याला श्रद्धांजलीचं भाषण ठोकणारे पुढारी पैशाला पासरी आहेत. गेलेला माणूस हयातीत कसाही असो, त्या दिवशी तो समाजाचा आधारवड होतो आणि त्याच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होते. एवढ्या पोकळ्यांनी पाथर्डी तालुक्याची एव्हाना चाळण व्हायला हवी होती. भाषणं चालू असताना लोक मोबाईल बघतात, सुपारी कातरतात. पण भानुदास नाना उठून उभे राहिले की सगळा मांडव सावरून बसतो. कारण नाना गेलेल्याचे गुण सांगत नाहीत, तो कशाने गेला ते सांगतात.

"रावसाहेबांना देवानं नेलं म्हनत्यात," नाना सुरू करतात. "देवाला काय पडलंय? रावसाहेब मिठानं गेले. तीन वर्सं सांगत हुतो, बीपीची गोळी चुकवू नका. तर हे पापड खायाचे, लोनचं खायाचे, वर ताटात चिमूटभर मीठ निराळं." समोर रावसाहेबांची मुलं नुकती भादरलेली डोकी खाली घालून ऐकत असतात.

नाना निवृत्त आरोग्य सहायक. नोकरीभर त्यांनी विहिरीत पावडर टाकली, डबकी बुजवली, तापकऱ्यांच्या बोटांतून रक्ताचे नमुने घेतले. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना त्यांना पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, हेच त्यामागचं कारण. तिथे एका गोऱ्या डॉक्टरने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की आता माणसं जंतूंनी कमी मरतात आणि बीपी, शुगर, हार्ट, कॅन्सर यांनीच जास्त मरतात. आणि हे थांबवायचं, असं सगळ्या देशांनी एकत्र बसून ठरवलंय. चहाच्या सुट्टीत त्या डॉक्टरने नानांशी हात मिळवला. तेव्हापासून जगाने तिसगाव आपल्याकडे सोपवलंय, असं नाना धरून चालतात.

"जगानं ठरवलंय," हे त्यांचं पालुपद. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने भज्यांवर मीठ भुरभुरलं की नाना तिथे हजर. "जगानं ठरवलंय, मीठ कमी."

"जग माझ्याकडं भजी खायाला येत न्हाई नाना," हॉटेलवाला म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं.

असंसर्गजन्य रोग हा शब्द नाना मांडवात घोगऱ्या आवाजात, एकेक अक्षर मोजून उच्चारतात. पहिल्यांदा तो ऐकून लोक निर्धास्त झाले. संसर्ग नाही म्हणजे काळजी नाही, असा सोयीचा अर्थ त्यांनी काढला. मग नाना तापले. "एकाचा दुसऱ्याला व्हत न्हाई, पर एकाच कढईतून समद्या गावाला व्हतो!"

या भाषणांचा एक विलक्षण परिणाम झाला. जगाने मोठाल्या परिषदा भरवल्या, जाहीरनामे काढले, दुपारी पंचपक्वान्नं जेवून अतिलठ्ठपणावर चिंता व्यक्त केली. त्यातल्या एका कागदानेही आमच्या माणसाला गोळी घ्यायला लावली नाही. नानांच्या भीतीने लावली. शेजारच्या गल्लीतली सोनाबाई स्वतःहून त्यांच्या ओसरीवर, बीपीच्या मशीनसमोर, दंड पुढे करून बसली. "बघ बाबा काय ते. न्हाईतर मेल्यावर भर मांडवात माझी भजी काढशील," ती म्हणाली. बाजारच्या दिवशी त्या ओसरीवर रांग लागायची. मलाही, हायस्कूलच्या मास्तराला, नानांनी एकदा माझ्या पोटाकडे बघत बजावलं, "सर, तुमचं भाषन लिहून तयार हाय." दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे फिरायला जाऊ लागलो.

या सगळ्या दराऱ्याला एकच माणूस दाद देत नव्हता. नानांचा शाळेपासूनचा मित्र, किसनआबा. आबा माझे शेजारी. बायको गेलेली, एकुलती एक लेक सुनंदा संगमनेरला दिलेली. ती महिन्यातून एकदा यायची आणि येताना खव्याच्या बर्फीचा डबा आणायची. आबांना चांगली जुनी शुगर होती. हे नानांना माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त सुनंदाला माहीत नव्हतं. तिला आबांनी सांगितलं होतं की तब्येत ठणठणीत आहे.

नाना डोकं आपटायचे. "किसन्या, पोरीला सांग, न्हाईतर मी सांगतो."

"सांगून बघ. लेक हाय, मोकळ्या हातानं बापाकडं यायला तिला कसंतरीच वाटंल. मंग येनं लांबत जातं भानुदास. मला बर्फी नको, ती यायला पाहिजे."

"मंग बर्फी खातो कशाला?"

"लेकीनं आनली म्हनून," आबा म्हणायचे आणि एक वडी मला द्यायचे. मी ती खायचो. जागतिक प्रयत्नांत माझा वाटा एवढाच.

नानांनी आबांचं ऐकलं, सुनंदापाशी तोंड उघडलं नाही. शिव्या मात्र आबांना दर आठवड्याला घातल्या. शेवटी आबांच्या पायाला जखम झाली. ती त्यांनी लपवली आणि ती चिघळली. मग नगरचा दवाखाना, मग किडनी, आणि तीन आठवड्यांत आबा गेले. दवाखान्यातच सुनंदाला कळलं की बापाला बारा वर्षं शुगर होती.

आबांच्या दहाव्याला गर्दी लोटली. एवढा जवळचा मित्र, म्हणजे नाना आज काय काय बाहेर काढतील, याची लोकांना उत्सुकता. खोटं कशाला सांगू, मलाही होती. पिंडाशेजारी आबांच्या आवडीच्या वस्तू मांडायचं काम चाललं होतं. सुनंदाने पिशवीतून बर्फीचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. ती नानांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "नाना, तुमी तर कुनाचंच झाकत न्हाई. सांगा. आबा माझ्या बर्फीनं गेले ना?"

नाना उभे होते. त्यांच्या हनुवटीखालची शीर उडताना मला दिसत होती.

"तुझी बर्फी किसननं कधी खाल्लीच न्हाई पोरी," नाना म्हणाले. "त्याला बंदी हुती. तुला वाईट वाटंल म्हनून डबा ठिवून घ्यायचा. तुझी गाडी हालली की माझ्या घरी आनून द्यायचा."

"अन् तुमी?"

"मी खायचो. समदी. लई आवडायची मला." नानांनी मांडवावरून नजर फिरवली. "पायाची जखम त्यानं उशिरा दाखवली, तिनं गेला. बर्फीचा काय संबंध न्हाई."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं. बारा वर्षं गावाला गोडाधोडावरून झोडपणारा माणूस चोरून बर्फी हाणत होता! पुढारी रुमालात हसले. सुनंदा मात्र नानांच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. दहा दिवस ती रडलीच नव्हती, असं तिची जाऊ नंतर सांगत होती.

मांडवात खरं काय ते नानांखेरीज मला एकट्याला ठाऊक होतं. मी खाली बघत बसलो. बर्फी खाताना तोंड उघडत होतं, आता उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

नानांचा दरारा त्या दिवशी संपला. ते रस्त्याने निघाले की हॉटेलवाला ओरडतो, "नाना, बर्फी पाठवू का?" दहाव्याला त्यांना आता कुणी बोलायला उठवत नाही. ओसरीवरची रांग मोडली. सोनाबाई येते, तीही नुसती गप्पा मारायला. बीपीचं मशीन कापडी पिशवीत पडून असतं. मी एकदा म्हणालो, "नाना, मी सांगतो लोकांना खरं." तर ते माझ्यावर खेकसले, "ती गोष्ट संगमनेरपर्यंत जायला किती वेळ लागंल, सर?"

सुनंदा अजून महिन्याला येते. माहेरचं घर बंद असतं, म्हणून थेट नानांकडे उतरते. नाना सडेफटिंग, लग्नच केलं नाही. त्या घरी मुक्कामाला येणारं माणूस आजवर कुणी नव्हतंच. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा नानांनी ओसरी सारवून घेतली होती, नवा सदरा घातला होता आणि ते दहा मिनिटांत तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. ती आली, पाया पडली, डबा उघडून पुढ्यात ठेवला.

साखर पाहिली तरी ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या नानांनी माझ्यादेखत मोठीशी वडी उचलली, सावकाश चावून संपवली आणि तिच्याकडे बघत विचारलं, "पुढच्या महिन्यात कवा येशील?"