गुणमालाक्कांचं गाळीव तेल

आदगोंडा चांगलं तेल गटारात ओततो, ही गुणमालाक्कांची तक्रार सांगलीच्या पेठेत ज्याला ऐकायची नव्हती त्यालाही पाठ झाली होती. ‘गटारात’ म्हणताना आक्का असा आवाज काढायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरानं लग्नातलं तूप फेकलं!

आदगोंडा त्यांचा थोरला. जर्मनच्या लढाईत मिलिटरीच्या फटफट्यांची इंजिनं खोलून हात तयार झालेला. लढाई संपल्यावर मिलिटरीनं मोडक्या फटफट्या विकायला काढल्या. त्या आणून नव्यासारख्या करायचा कारखाना आक्कांनी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काढून दिला. इंजिनं पोराची, हुकूम आक्कांचा! शाळेत आक्का एकदाच गेलेल्या, तेही धाकट्या भावाचा डबा द्यायला. पण कारखान्यातला एक खिळा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पाना झिजला तर म्हणायच्या, “अजून फिरतोय की!” वायसर गेला तर रॉकेलच्या डब्याचा पत्रा कातरून द्यायच्या. आदगोंडा डोकं धरून बसायचा. आक्कांना वाटायचं, पोरगं विचार करतंय.

आणि आष्ट्याच्या जयपालअण्णांचा निरोप आला. अण्णा मोठे व्यापारी. गावोगाव फिरणाऱ्या आपल्या माणसांसाठी त्यांना फटफट्या हव्या होत्या. एक आणून दाखवा, पसंत पडली तर बाकीच्याही तुमच्याकडूनच घेतो, म्हणाले.

आदगोंडानं आईला सांगूनच टाकलं, “आक्का, अण्णा न्हाई म्हटले तर मी पुण्याला नोकरी धरतो. हात बांधून काम हुत न्हाई माझ्यानं.”

“जा की! कुणी अडवलंय?” आक्का तडकल्या. आणि मग बस्तीत, जैनांच्या देवळात, जाऊन देवापुढं बराच वेळ नुसत्याच बसून आल्या.

जायच्या दिवशी आदगोंडानं इंजिनातलं तेल परातीत काढलं. “नवा पिस्टन सुरवातीला घासतो. त्याचा चुरा ह्या तेलात उतरलाय. हे टाकायचं आन् नवा डबा फोडायचा.”

“टाकायचं? गाळलं की झालं! आपण जन्मभर पाणी गाळूनच पितो न्हवं?”

“आगं, ते पाणी! हे इंजिन हाय!”

“मग इंजिन काय माझ्यापरीस सोवळं?”

आदगोंडा पुन्हा डोकं धरून पेट्रोलच्या रेशनची चिठ्ठी आणायला बाहेर पडला. आक्कांनी धुतलेलं कापड घेतलं, दुपदरी केलं आणि घरच्या रीतीप्रमाणं तेल गाळून इंजिनात भरलं. नवा डबा फळीवर तसाच राहिला. त्याच्याकडं बघून आक्कांना असं समाधान वाटलं, जणू तो त्यांनी लिलावात जिंकला होता!

“डबा फोडलास न्हवं?” आदगोंडानं आल्यावर विचारलं.

“तेल आरशासारखं हाय. तू किक मार!”

फटफटीला बाजूला साइडकारचा पाळणा जोडलेला. त्यात आक्का बसल्या. उजेडी, दिवस मावळायच्या आत, जेवायला आष्ट्यात पोचायचं होतं. कृष्णेच्या पुलावर वारं लागलं तशी आक्कांची मान ताठ झाली. पदर दातात धरूनच त्या ओरडल्या, “बघ! चालतंय का न्हाई? तुझं ते सायबाचं शास्त्र ठेव गुंडाळून!”

दिग्रज मागं पडलं आणि जात्यात खडा यावा तसा आवाज आला. मग इंजिनानं उचकी दिली. मागचं चाक जागच्या जागी जाम झालं, फटफटी गर्रकन फिरली आणि पाळण्यासकट आक्का उसात!

आक्का पाचटातून बाहेर येईपर्यंत आदगोंडानं इंजिनाखालचा बोल्ट काढलाही होता. तळहातावर तेल घेऊन तो उन्हात बघत होता. तेल चमचम करत होतं.

“आक्का, हे जुनंच तेल!”

“गाळून घातलंय!”

“मग चुरा आला कुठनं? कापड फाटकं हुतं?”

“फाटकं? माझ्या घरात?”

“मग गाळलेला चुरा कुठं टाकलास?”

“टाकायचा कशाला? पाणी गाळलं की गाळण्यात राहिलेली जिवाणी जिथली तिथंच सोडायची, न्हाईतर त्यातले बारीक जीव मरत्यात. म्या गाळणं उलटं केलं, वरनं जरा तेल ओतलं आन्...” आक्का थांबल्या.

“आन्?”

“आन् सोडलं. इंजिनात.”

लोखंडाला जीव नसतो हे आक्कांच्या डोक्याला ठाऊक होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं!

“आक्का, चुऱ्यात कसला जीव असतोय गं!”

“न्हाई ना. पन इंजिनाचा गेला न्हवं?”

केरबा नावाच्या शेतकऱ्याला दया आली. त्यानं फटफटी बैलगाडीत चढवली. इतक्या घोड्यांच्या ताकदीचं यंत्र, दोन बैलांनी आष्ट्याला नेलं! जयपालअण्णांच्या दारात पोचले तेव्हा दिवस मावळला होता. जैनाघरची चूल विझलेली, आता सकाळपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही.

“हे काय हो?” अण्णांनी गाडीत डोकावून विचारलं.

आदगोंडानं आईकडं बघितलं. “माझंच जरा चुकलं, अण्णा...”

“ह्याचं काय चुकलं न्हाई!” आक्का कडाडल्या. “तेल म्या घातलं!” आणि गाळण्यापासून उसापर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. आतून अण्णांची म्हातारी आई म्हणाली, “मग बरुबर केलं की! जिवाणी आणि कुठं सोडायची?”

अण्णा हसता हसता उंबऱ्यावरच बसले. डोळे पुसत म्हणाले, “आदगोंडा, तेल तू स्वतः घालणार असशील तर नीट करून परत आण. बघू. आन् आक्कांनी आपलं बैलगाडीनंच यावं.”

आदगोंडा कट्ट्यावर बसून चिंधीनं हात पुसत राहिला. पुण्याला जाऊ नको, हे शब्द आक्कांच्या तोंडून कधी निघालेच नव्हते, ते उपाशीपोटी कुठून निघणार? त्यांनी डोक्यातलं पाचट काढलं, खाकरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

“आदगोंडा, इंजिन तुझं अस्सल हाय. मालकीण तेवढी भंगार मिळाली तुला. पन दुसरा मालक हुडकाय पुण्याला जायाचं म्हंजे उगा खर्च! हीच खोल आन् दुरुस्त कर.”